अन्नाबरोबर आणखी काय धाडावें?

निर्वासित स्त्रिया व मुली यांच्या प्रसूति-आरोग्याविषयीं देणगीदारांसाठीं खुलासा

दुष्काळ-निवारण कमिटीच्या अहवालांत धान्याचीं पोतीं, चाऱ्याच्या गंजी, विहिरींचीं कामें आणि जमाखर्च एवढेंच असावें, अशी देणगीदारांची अपेक्षा असते, व ती योग्यच आहे. परंतु निर्वासितांच्या छावण्यांस मदत करण्याचा प्रश्न जेव्हां पुढें येतो, तेव्हां खर्चाच्या यादींत एक कलम असें असतें कीं, त्यापाशीं उदार गृहस्थांचीही लेखणी थबकते. तें कलम म्हणजे गर्भवती व बाळंतिणी यांची शुश्रूषा, सुइणींचे पगार, विटाळशीपणाचीं कापडें, संततिनियमनाचीं साधनें व अत्याचार झालेल्या स्त्रियांवरील उपचार. “उपाशी माणसास अन्न द्यावें, आजाऱ्यास औषध द्यावें, हें आम्हांस समजतें, परंतु हा प्रकार दुष्काळ-निवारणांत कसा बसतो?” असें विचारलें जातें. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि प्रामाणिक प्रश्नास सविस्तर उत्तर देणें कमिटीचें कर्तव्य आहे.

उत्तराचें सार आरंभींच सांगतों. गांव सुटलें, घर जळलें, पीक बुडालें, तरी गर्भवतीचे दिवस भरावयाचे थांबत नाहींत. म्हणून छावणींत अन्न व पाणी यांची व्यवस्था ज्या दिवशीं होते, त्याच दिवशीं प्रसूतीची व्यवस्था झाली पाहिजे. ही व्यवस्था फार खर्चाची नाहीं व तिचा अंदाज आगाऊ करतां येतो. परंतु दवाखाना उघडला म्हणजे काम संपलें, असें मात्र नाहीं. दवाखाना व झोंपडी यांमधील अंतर तुटलें पाहिजे, आणि तें अंतर केवळ कोसांचें नसतें. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, अशी विनंति आहे.

१. हिशेब

व्यापारी गृहस्थांस आधीं हिशेब दाखविलेला बरा. दहा हजार तोंडांस महिन्याला किती पोतीं तांदूळ लागेल, हें कोणताही अडत्या बसल्या जागीं सांगूं शकतो. त्याच रीतीनें दहा हजार वस्तीच्या छावणींत किती बाळंतपणें होतील, हेंही सांगतां येतें. आपत्तींत काम करणाऱ्या संस्थांनीं जो ठोकताळा बसविला आहे, तो असा: एकंदर वस्तीचा सुमारें चौथा हिस्सा पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांचा, म्हणजे अडीच हजार. हजारीं ४० जन्म धरले, तर वर्षास ४०० बाळंतपणें, म्हणजे महिन्यास सुमारें ३३. कोणत्याही एका दिवशीं सुमारें ३०० स्त्रिया गर्भवती असावयाच्या. शंभर बाळंतपणांपैकीं सुमारें १५ बाळंतपणांत कांहीं ना कांहीं धोका उत्पन्न होतो. म्हणजे वर्षांत ६०. आणि शंभरांत ५ ते १५ स्त्रियांस पोट चिरून मूल काढण्याची शस्त्रक्रिया लागते. म्हणजे वर्षांत २० ते ६०. देशपरत्वें हे आंकडे कमीजास्त होतील. परंतु ते शून्य कोठेंच होत नाहींत. ज्या अंदाजपत्रकांत या बाबीपुढें शून्य मांडलेलें आहे, त्यास काटकसर म्हणतां येणार नाहीं. ती हिशेबांतील चूक आहे.

आतां या बाळंतपणांस लागतें काय, तें पाहूं. अगदीं प्रथम, दवाखाना उभा राहण्यापूर्वीं, दिवस भरत आलेल्या प्रत्येक स्त्रीस एक लहानशी पिशवी देतात. तींत अंथरावयास प्लॅस्टिकची चादर, साबणाची वडी, नाळ बांधण्यास दोन फिती, नाळ कापण्यास निर्जंतुक केलेलें कोरें पातें, हातमोजे व बाळ पुसून गुंडाळण्यास सुती कापड असतें. विळ्यानें किंवा बांबूच्या कामटीनें नाळ कापल्यामुळें धनुर्वातानें दगावलेलीं अर्भकें आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांनीं पाहिलीं आहेत. त्यांस या पात्याचें मोल सांगावयास नको.

दुसरी पायरी दवाखान्याची. तेथें शिकलेली सुईण रात्रंदिवस हजर पाहिजे. बाळंतपणाच्या पायीं स्त्रिया बहुधा ज्या कारणांनीं मरतात, तीं मोजकींच आहेत: अतिशय रक्तस्राव, रक्तदाब वाढून येणारे झटके, जंतुदोषाचा ज्वर, अडलेलें बाळंतपण आणि अडाणी हातांनीं केलेला गर्भपात. यांपैकीं प्रत्येकावर उपाय ठाऊक आहे, व त्यांतील बहुतेक स्वस्त आहेत. रक्तस्रावावर ऑक्सिटोसिनची सुई, झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट, ज्वरावर प्रतिजैविक औषधें. ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंशांच्या थंडींत ठेवावें लागतें. म्हणून जेथें विजेचा भरंवसा नाहीं, तेथें मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या हाताशीं ठेवतात, त्यांस शीतपेटीची गरज पडत नाहीं. बाळंतपणानंतर रक्त वाहूं लागलें व उपचार मिळाला नाहीं, तर चांगली निरोगी स्त्री दोन तासांत प्राणास मुकूं शकते. हें एक वाक्य स्मरणांत ठेवलें, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल. तिसरी पायरी शस्त्रक्रिया व रक्त देण्याची सोय असलेल्या रुग्णालयाची, आणि तेथवर पोंचविणाऱ्या वाहनाची.

ही सर्व व्यवस्था एका यादींत बसविली गेली, त्यास फार वर्षें झालीं नाहींत. पूर्वीं छावण्यांत अन्न, पाणी, निवारा व साथीचे रोग एवढाच विचार होत असे. १९९४ सालीं कैरो येथें लोकसंख्येविषयीं जी जागतिक परिषद भरली, तिनें निर्वासित स्त्रियांच्या या गरजेस मान्यता दिली. पुढील वर्षीं अनेक संस्थांनीं एक संयुक्त मंडळ स्थापून किमान प्रारंभिक सेवांची यादी तयार केली. या कामाची जबाबदारी एका संस्थेवर निश्चित करणें, अत्याचारास आळा घालणें व पीडित स्त्रियांस उपचार देणें, एच. आय. व्ही. व इतर संसर्ग रोखणें. माता व अर्भकें यांचे मृत्यु टाळणें. नको असलेलें गर्भारपण टाळण्याचीं साधनें पुरविणें. आणि पुढील कायमच्या सेवेची योजना आंखणें, हीं तिचीं अंगें होत. शक्य तेथें हें काम पहिल्या ४८ तासांत सुरू व्हावें, असा दंडक आहे.

२. कॉक्स बाझारचें उदाहरण

सर्व जगाचें वर्णन करण्याचा मोह टाळून, ज्या एका ठिकाणाविषयीं माहिती विपुल आहे, त्याचेंच उदाहरण घेतों. बांगलादेशाच्या आग्नेय टोंकास कॉक्स बाझार नांवाचा जिल्हा आहे. २५ ऑगस्ट २०१७ पासून शेजारच्या म्यानमारमधील राखाइन प्रांतांत, म्हणजे जुन्या अराकानांत, लष्करानें जी कारवाई केली, तिच्यामुळें कांहीं महिन्यांतच सात लाखांहून अधिक रोहिंग्या लोक सरहद्द ओलांडून या जिल्ह्यांत आले. पूर्वीच्या लाटांत आलेले निर्वासित तेथें होतेच. उखिया व टेकनाफ या दोन तालुक्यांतील टेंकड्यांवर बांबू व ताडपत्री यांच्या झोंपड्यांच्या तेहतीस छावण्या उभ्या राहिल्या. पुढें राखाइनमध्यें पुन्हां युद्ध पेटलें, आणि २०२४ च्या आरंभापासून दीड वर्षांत आणखी सुमारें दीड लाख लोक आले. २०२५ सालीं एकंदर नोंद अकरा लाखांच्या वर गेली होती. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया व मुली आहेत, आणि या छावण्यांत दरसाल सुमारें तीस हजार मुलें जन्मास येतात, असा अंदाज आहे.

२०१८ च्या मे महिन्यांत युनिसेफनें एक आंकडा प्रसिद्ध केला. लोंढा सुरू झाल्यापासून नऊ महिन्यांत छावण्यांत सोळा हजारांहून अधिक मुलें जन्मलीं होतीं. त्यांपैकीं दवाखान्यांत जन्मलेलीं सुमारें तीन हजार. म्हणजे पांच बाळंतपणांत एक देखील पुरतें नाहीं! त्या वेळीं दवाखाने अगदींच नव्हते, असें नाहीं. सरकारी, परदेशी व स्थानिक संस्थांचे अनेक दवाखाने चालू होते व त्यांत मोल घेतलें जात नव्हतें. मग पांचांतील उरलेल्या चार स्त्रिया तेथें कां गेल्या नाहींत? मदतीचा पैसा कोठें फळतो व कोठें वाया जातो, हें या एका प्रश्नाच्या उत्तरांत आहे.

३. तीन विलंब

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन विदुषींनीं १९९४ सालीं मातांच्या मृत्यूचीं कारणें तपासून असें दाखविलें कीं, मृत्यूपूर्वीं बहुधा तीनांपैकीं एक विलंब झालेला असतो. घरांतून निघण्याचा निर्णय होण्यास विलंब, दवाखान्यापर्यंत पोंचण्यास विलंब, आणि पोंचल्यावर योग्य उपचार मिळण्यास विलंब. आमच्या जमीनदार वाचकांनीं ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली गर्भवती बाई फडाजवळच्या कोपींत बाळंत होतांना ऐकली असेल. मुकादम उचल देतो, गाडी ठरवितो, पण रात्रीं दोन वाजतां दवाखाना कोठें, हें त्या बाईस कोणी सांगितलेलें नसतें. तेथें जे तीन विलंब दिसतात, तेच छावणींत शतपट होतात.

पहिला विलंब निर्णयाचा. रोहिंग्या समाजांत पडद्याची चाल कडक आहे. परपुरुषाच्या दृष्टीस न पडतां दवाखान्यांत जाणें शक्य नसेल, तर जाणेंच नको, असें घरांत ठरतें. आणि ठरविणारे नवरा किंवा सासू असतात. परंतु सर्व दोष चालीरीतींवर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्यानें या लोकांस नागरिकत्वापासून वंचित केलें. उत्तर राखाइनमध्यें त्यांस लग्न करण्यास अधिकाऱ्यांचा परवाना लागे, गांवाबाहेर जाण्यास परवाना लागे, आणि माउंगडॉ व बुथीडाउंग या भागांत दोहोंहून अधिक मुलें होऊं न देण्याचा स्थानिक हुकूम होता. २०१५ सालीं म्यानमारनें लोकसंख्येचा एक कायदा करून, ठराविक प्रदेशांत दोन बाळंतपणांमध्यें ३६ महिन्यांचें अंतर ठेवण्यास सांगण्याची सोय सरकारच्या हातीं घेतली. सरकारी माणसापुढें पोट दाखविणें म्हणजे चौकशीस तोंड देणें, असा जिचा जन्माचा अनुभव, ती स्त्री केवळ दारावरची पाटी बदलली म्हणून दवाखान्यावर विश्वास कसा ठेवील?

दुसरा विलंब वाटेचा. झोंपड्या टेंकड्यांच्या उतारावर आहेत. मातीच्या पायऱ्या पावसाळ्यांत वाहून जातात, व पुष्कळ भागांत गाडी दारापर्यंत येऊंच शकत नाहीं. वेणा देणाऱ्या स्त्रीस खुर्चींत बसवून किंवा कापडाच्या डोलींत घालून चौघांनीं खालीं आणावें लागतें. रात्रीं अंधार, गुंडांची भीति, छावणीभोवतीं तारेचें कुंपण, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे न्यावयाची झाल्यास वाटेंत चौकी. रक्तस्रावास दोन तास पुरतात, हें वर सांगितलेंच आहे. त्यांतील दीड तास परवानगी व वाहन यांतच गेला, तर डॉक्टरच्या हातीं उरतें काय?

तिसरा विलंब दवाखान्यांतला. स्त्री-डॉक्टर नाहीं, रक्ताची सोय नाहीं, शस्त्रक्रियेची खोली दूर आहे, किंवा बोललेलें कळत नाहीं. रोहिंग्यांची बोली चितगांवच्या बोलीस जवळची आहे. ढाक्याहून आलेल्या नर्सला ती नीट उमजत नाहीं, आणि पोटांत कोठें व केव्हांपासून दुखतें, हें दुभाष्या पुरुषामार्फत सांगण्यास स्त्रिया लाजतात.

हे विलंब कमी करतां येतात, असाही कॉक्स बाझारचाच अनुभव आहे. निर्वासित स्त्रियांतूनच स्वयंसेविका निवडून त्यांस शिकविण्यांत आलें. त्या दारोदार जाऊन गर्भवतींची नोंद करतात, घरच्यांची समजूत घालतात व वेळ आली म्हणजे बरोबर जातात. जुन्या दायांस हांकलून न देतां, धोक्याचीं चिन्हें ओळखून बाळंतिणीस दवाखान्यांत आणण्याचें काम त्यांच्याकडे सोंपविलें गेलें. कारण ज्या बाईच्या हातावर तिची आई व आजी बाळंत झाल्या, तिचा शब्द घरांत चालतो. बांगलादेशानें २०१३ च्या सुमारास सुइणींचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला होता; त्यांतून तयार झालेल्या तरुण मुली या दवाखान्यांत रात्रंदिवस नेमल्या गेल्या. परिणाम असा झाला कीं, दवाखान्यांतील बाळंतपणांचें प्रमाण पुढील वर्षांत पुष्कळ वाढलें. इमारतीपेक्षां माणसांवर खर्च केलेला पैसा येथें अधिक कामास आला.

असेंच दुसरें उदाहरण जॉर्डन देशांतील आहे. सीरियाच्या यादवीमुळें तेथील वाळवंटांत २०१२ सालीं झातारी नांवाची छावणी वसली व तींत सुमारें ऐंशीं हजार लोक राहूं लागले. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनें चालविलेल्या तेथील प्रसूतिगृहांत कित्येक हजार बाळंतपणें एकही माता न दगावतां झालीं, असें त्या निधीच्या अहवालांत वर्षानुवर्षें नमूद आहे. छावणी म्हटली कीं मृत्यु व्हावयाचेच, ही समजूत यावरून खोटी ठरते.

४. अन्नाचा व प्रसूतीचा संबंध

आतां आमच्या मूळ विषयाकडे येतों. कॉक्स बाझारच्या निर्वासितांस शेतजमीन नाहीं व उघडपणें नोकरी करण्याची मोकळीक नाहीं. ते जवळजवळ सर्वस्वीं शिध्यावर जगतात. २०२३ च्या मार्चमध्यें, पैसा कमी पडल्यामुळें, हा शिधा दरमहा माणशीं १२ डॉलरांवरून १० वर, व जूनमध्यें ८ वर आणावा लागला. २०२४ मध्यें तो पुन्हां वाढविण्यांत आला. कागदावर ही कपात सर्वांस सारखी दिसते. परंतु शिधा अपुरा पडला, म्हणजे घरांत सर्वांत शेवटीं व सर्वांत कमी कोण जेवतें, हें आपल्याकडील दुष्काळ ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. गर्भवतीच्या अंगांत रक्त कमी असलें, तर बाळंतपणांतील ज्या रक्तस्रावांतून धडधाकट स्त्री वांचली असती, त्यांतच ती जाते. व मूल कमी वजनाचें निपजतें. उलटपक्षीं, मूल जन्मतांच आई गेली, तर त्या अर्भकास धान्याचें पोतें जगवूं शकत नाहीं. तेव्हां अन्न व प्रसूति हीं दोन निराळीं खातीं नव्हत. एकांत टाकलेला रुपया दुसऱ्याच्या अभावीं बुडतो.

२०२५ सालीं ही गोष्ट विशेष तीव्रतेनें पुढें आली. अमेरिकेच्या सरकारनें त्या वर्षाच्या जानेवारींत परदेशी मदत थांबविली व लोकसंख्या निधीस द्यावयाची रक्कमही बंद केली. मोठ्या दात्याचा हात आंखडतांच छावण्यांतील कित्येक दवाखान्यांस सेवा कमी कराव्या लागल्या, आणि स्वयंसेविका व सुइणी यांच्या जागा कमी झाल्या. धान्य कमी झालें तर तें रांगेंत दिसतें. सुईण कमी झाली तर तें झोंपडीच्या आंत राहतें. म्हणूनच या कलमासाठीं निराळी विनंति करावी लागते.

५. मुलींविषयीं

न्हाण आलेल्या मुलीस बाहेर पाठवावयाचें नाहीं, अशी रोहिंग्या कुटुंबांची रीत आहे. ती मुलगी त्या क्षणापासून शिक्षणास, दवाखान्यास व मैत्रिणींस पारखी होते. झोंपडी एका खोलीची. कापड धुण्यास पाणी दूर व वाळत घालण्यास आडोसा नाहीं. शौचकूप सामाईक, दिव्यावांचून व पुष्कळदां कडीवांचून. म्हणून स्त्रिया दिवसा पाणी कमी पितात, व त्यामुळें निराळेच विकार जडतात. कापड, साबण, अंतर्वस्त्रें व एक विजेरी असा लहानसा संच अशा मुलींस देतात. विजेरी कशासाठीं, असें एखाद्या हिशेबनिसास वाटेल. रात्रीं शौचास जाण्याच्या वाटेवर ती तिची राखणदार आहे.

लहान वयाचे विवाह हें दुसरें संकट. गरिबी व मुलीच्या अब्रूची चिंता यांमुळें आईबाप तिचें लग्न लवकर उरकतात. पंधरासोळा वर्षांच्या मुलीचें बाळंतपण अडण्याचा धोका अधिक, आणि अडलेल्या बाळंतपणांतून ती वांचली, तरी मूत्रमार्गास भोंक पडून जन्मभर लघवी गळत राहण्याचा विकार जडूं शकतो. अशी स्त्री नवऱ्यासही नकोशी होते. हा विकार वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेनें टळतो, व झाल्यावरही शस्त्रक्रियेनें बहुधा बरा होतो.

६. अत्याचार, व कायद्याची एक बाजू

संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळानें २०१८ सालीं आपल्या अहवालांत, म्यानमारच्या सैनिकांनीं रोहिंग्या स्त्रियांवर सामुदायिक बलात्कार केल्याचें सविस्तर नमूद केलें आहे. अशा स्त्रीस उपचार देण्याची वेळ मोजकी असते: एच. आय. व्ही.चा संसर्ग टाळणारें औषध ७२ तासांच्या आंत, व गर्भ राहूं नये म्हणून द्यावयाची गोळी १२० तासांच्या आंत. सरहद्द ओलांडण्यासच ज्यांस त्याहून अधिक दिवस लागले, त्यांच्या बाबतींत ही वेळ टळून गेलेली होती.

येथें वकिलाच्या दृष्टीनें एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८६० सालचा दंडविधानाचा कायदा इंग्रजी अमलांत हिंदुस्थान, ब्रह्मदेश व बंगाल या सर्वांस एकच होता. त्याचें ३१२ वें कलम गर्भपातास गुन्हा ठरवितें. स्त्रीचा जीव वांचविण्यासाठीं केलेला गर्भपात तेवढा सुटतो. भारतानें १९७१ सालीं स्वतंत्र कायदा करून त्यांतून वाट काढली. बांगलादेशानें तें कलम तसेंच ठेवलें. परंतु १९७९ पासून ‘मासिक पाळीचें नियमन’ या नांवाखालीं, पाळी चुकल्यावर ठराविक आठवड्यांच्या आंत शिकलेल्या हातांनीं करावयाच्या उपचारास सरकारी कुटुंबनियोजनांत स्थान दिलें. शिकलेल्या परिचारिकेस दहा आठवड्यांपर्यंत व डॉक्टरास बारा आठवड्यांपर्यंत तो करतां येतो. म्यानमारमध्येंही कलम तेंच, पण अशी वाट नाहीं. नाफ नदीच्या दोन्ही तीरांवर कायद्याचे शब्द एक, आणि एका तीरावर स्त्रीस दवाखाना, तर दुसऱ्या तीरावर काडीमुळी. कायद्याच्या पुस्तकापेक्षां अंमलबजावणीची आज्ञा केवढें अंतर पाडते, हें यावरून दिसेल. शिवाय बांगलादेश व भारत या दोघांनींही निर्वासितांविषयींच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाहीं. म्हणून या स्त्रियांचा उपचारावरील हक्क मुख्यत्वें सरकारच्या मर्जीवर व दात्यांच्या सातत्यावर टिकून आहे.

७. आक्षेप व त्यांचीं उत्तरें

पहिला आक्षेप सभ्यतेचा: असले विषय छापील पत्रकांत नसावेत. हा आक्षेप महाराष्ट्रास नवा नाहीं. प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. त्यांवर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर यांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. खटला त्या वेळीं हरला. पण ज्या गोष्टी बोलल्याबद्दल त्यांस दंड झाला, त्या पुढें सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर लागल्या. संकोच आपणांस होतो. मरण मात्र दुसरीस येतें.

दुसरा आक्षेप: दुष्काळाच्या मदतींत हें नवीनच खूळ आहे. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत गेल्या, तेव्हां मदतीच्या ठिकाणींच तरुण विधवा व मुली यांची अब्रू सुरक्षित नसल्याचें त्यांनीं पाहिलें व लिहिलें. सुमारें तीनशें मुलींस त्या आपल्याबरोबर घेऊन आल्या. त्यांच्या धर्ममतांविषयीं वाचकांचें मत कांहींही असो, भाकरीच्या रांगेंत उभ्या असलेल्या स्त्रीस भाकरीखेरीज दुसरेंही रक्षण लागतें, हें त्यांनीं सव्वाशें वर्षांपूर्वीं दाखवून दिलें आहे.

तिसरा आक्षेप दोन्ही बाजूंनीं येतो. एक म्हणतात, यानें संतति वाढेल. दुसरे म्हणतात, संततिनियमन लादलें जाईल. उत्तर एकच: निवड त्या स्त्रीची. रोहिंग्या स्त्रियांत तीन महिन्यांच्या सुईस विशेष मागणी आहे, कारण ती घरांत ठेवावी लागत नाहीं व कोणास दिसत नाहीं. पण सक्तीचा संशय आला, कीं सर्वच दवाखान्यावरचा विश्वास उडतो. १९७५-७७ च्या आणीबाणींत नसबंदीच्या सक्तीनें आपल्या देशांत काय झालें, हें सर्वांस आठवतें. सक्ति राखाइनमध्यें झाली. तिची पुनरावृत्ति मदतीच्या नांवानें होतां कामा नये.

चौथा आक्षेप: परक्यांसाठीं कां? यास वादानें उत्तर देतां येत नाहीं. आपल्या दारीं दुष्काळ असतां आधीं दारचें पाहावें, हें कमिटीसही मान्य आहे. एवढेंच सांगतों कीं, येथें वर्णिलेलीं साधनें, म्हणजे पातें, सुई, विजेरी, सुईण व रात्रीं धांवणारी गाडी, उद्यां आपल्या पूरग्रस्त किंवा दुष्काळी तालुक्यांत वस्ती हलवावी लागली, तर अशींच लागतील. छावणी कोठेंही असो, पहिल्या दिवसाच्या यादींत हें कलम घालण्याची संवय आपणांस आतांपासून लागावी.

८. विनंति

देणगी कोणत्याही संस्थेस द्या. परंतु देण्यापूर्वीं पुढील प्रश्न अवश्य विचारा. रात्रीं सुईण हजर असते काय? धोका उत्पन्न झाल्यास शस्त्रक्रियेचें रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे, व वाहनाचा खर्च कोण देतो? औषधें थंड ठेवण्याची सोय काय? अत्याचार झालेल्या स्त्रीचें नांव गुप्त राहतें काय? छावणींतील किती स्त्रिया या कामावर नेमल्या आहेत? संततिनियमनाचीं साधनें मागणाऱ्या स्त्रीसच मिळतात, कीं कोणावर लादलीं जातात? जी संस्था या प्रश्नांचीं सरळ उत्तरें देईल, तिच्या हातीं आपला पैसा निर्धास्तपणें द्यावा. परदेशीं रक्कम धाडावयाची असेल, तर त्याविषयींचे कायदे व बँकेचे नियम आधीं विचारून घ्यावेत; सद्धेतूनें केलेली बेकायदा गोष्ट शेवटीं ज्यांच्यासाठीं केली, त्यांसच नडते.

आणखी एक मागणें आहे. एकदांच मोठी रक्कम देण्यापेक्षां लहान रक्कम दरसाल द्यावी. धान्य एकदां विकत घेऊन कोठारांत ठेवतां येतें. सुईण कोठारांत ठेवतां येत नाहीं. तिचा पगार दरमहा द्यावा लागतो, आणि तो ज्या महिन्यांत थांबतो, त्या महिन्यांतही दहा हजारांच्या छावणींत तेहतीस स्त्रियांचे दिवस भरतात. आपल्या वहींत अन्नाच्या कलमाखालीं हें एक कलम कायमचें मांडावें, एवढीच दात्यांच्या चरणीं नम्र विनंति आहे.

— कमिटीचे एक वकील सभासद